उस्तादाचा गुरुजी कसा होणार?

माजी सैनिकांना शाळेत आणण्याची घोषणा मोठी. राखीव जागांपर्यंतची वाट मात्र अर्धवटच

विशेष प्रतिनिधी

छत्रपती संभाजीनगर : लष्करात शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. रायफल खोलून पुन्हा जोडणे असो, नकाशा वाचणे असो की बिनतारी यंत्रावरून संदेश पाठवणे असो. नवख्या जवानाला ते समजेपर्यंत सांगायचे, करून दाखवायचे आणि त्याच्याकडून करवून घ्यायचे, हे उस्तादाचे काम. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत असा उस्ताद शेकडो तरुण घडवतो. मात्र गणवेश उतरवून तो गावी परततो, तेव्हा त्याच्या शिकवण्याच्या हातोटीला विचारणारे कोणी नसते. शहरातील बँका, रुग्णालये, कारखाने आणि गृहसंकुले यांच्या दारांवर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांत असे कितीतरी उस्ताद आढळतात. त्याच वेळी वाडी-वस्तीवरच्या शाळांत शिक्षकांची पदे रिक्त राहतात आणि एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसावे लागते.

या दोन गरजांची सांगड का घालू नये, हा प्रश्न अधूनमधून चर्चेला येतो. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो थेट शासनाच्या तोंडून आला. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर देशभर निर्माण झालेल्या वातावरणात राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यासाठी क्रीडाशिक्षक, राष्ट्रीय छात्रसेना, स्काउट-गाइड यांच्यासह राज्यातील अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेण्यात येईल, असेही त्यांनी सांगितले. देशप्रेम, शिस्त आणि शारीरिक व्यायामाची सवय लहानपणापासून लागावी, हा त्यामागचा हेतू होता.

हेतूबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो माजी सैनिकाला शाळेत नेमके कोणते स्थान मिळणार याचा. आठवड्यातून एक-दोन तास कवायत घेणारा पाहुणा म्हणून त्याला बोलवायचे, की रीतसर पात्रता मिळवून देऊन त्याच्या हाती वर्ग सोपवायचा? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि सगळी मेख तिथेच आहे.

घोषणेमागचे गणित

अडीच लाख हा आकडा ऐकायला भव्य वाटतो. राज्यात सर्व व्यवस्थापनांच्या मिळून एक लाखाहून अधिक शाळा आहेत. म्हणजे कागदावर प्रत्येक शाळेच्या वाट्याला दोन माजी सैनिक येतात. प्रत्यक्षात या संख्येत नुकताच निवृत्त झालेला पस्तिशीतला शिपाई जसा आहे, तसाच वयाची सत्तरी-ऐंशी ओलांडलेला वृद्ध सुभेदारही आहे. कोणी शेतीत रमला आहे, कोणी व्यवसायात स्थिरावला आहे. सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी अपशिंगे’सारख्या गावात घरटी सैनिक सापडेल; मराठवाड्यातील अनेक खेड्यांत शोधूनही एखादाच मिळेल. शाळा जिथे आहेत तिथे सैनिक नाहीत आणि सैनिक जिथे आहेत तिथे गरज तितकी नाही, अशी ही विषम वाटणी आहे.

शिवाय घोषणा झाली तेव्हा या मंडळींचे पदनाम काय, त्यांना मानधन किती आणि ते कोणाला जबाबदार राहणार, याचा तपशील पुढे आला नव्हता. मानधनावर शाळेत माणसे आणण्याचा शासनाचा पूर्वानुभव फारसा सुखद नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमणे बंधनकारक आहे. राज्यात ते नेमलेही गेले. पुढे त्यांच्या नियुक्त्या आणि तुटपुंजे मानधन यांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. हीच वाट माजी सैनिकांच्या बाबतीत पुन्हा चालायची असेल, तर उत्साहाचा पहिला बहर ओसरल्यावर काय उरेल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

राखीव जागा आहेत, उमेदवार नाहीत

वास्तविक माजी सैनिकाला शिक्षक करण्याची अधिकृत वाट राज्यात फार पूर्वीपासून अस्तित्वात आहे. शासकीय सेवेतील गट-क आणि गट-ड मधील पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक गट-क मध्येच मोडतो. याचा अर्थ शिक्षकभरतीच्या प्रत्येक जाहिरातीत साधारणतः दर सात जागांमागे एक जागा माजी सैनिकासाठी असते. वयोमर्यादेतही त्याला सवलत मिळते.

आता ‘पवित्र’ पोर्टलवरील ताज्या अनुभवाकडे पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे साडेएकवीस हजार शिक्षकपदांची भरतीप्रक्रिया सुरू होती. त्यातील मुलाखतीविना भरावयाच्या जागांसाठी पहिल्या यादीत सुमारे ११ हजार उमेदवारांची शिफारस झाली आणि हजारो जागा रिक्त राहिल्या. या रिक्त जागांमध्ये समांतर आरक्षणाच्या जागांचा वाटा मोठा होता आणि त्यातही माजी सैनिकांसाठीच्या जागा ठळक होत्या. कारण सरळ होते. आवश्यक पात्रता असलेले माजी सैनिक पुरेशा संख्येने उपलब्धच झाले नाहीत.

जागा राखून ठेवायच्या आणि त्या भरल्या जातील अशी माणसे तयार करायची नाहीत, हा प्रकार विहीर खणून दोर न देण्यासारखा आहे. जागा रिकामी राहते, तेवढा काळ वर्गही शिक्षकाविना राहतो. सैनिकाला नोकरी मिळत नाही आणि मुलांना शिक्षक मिळत नाही. नुकसान दोन्हीकडचे आहे.

वाटेवरच्या पायऱ्या

उमेदवार का मिळत नाहीत, हे समजून घेण्यासाठी एका सर्वसामान्य जवानाचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो भरती होतो. ‘जनरल ड्यूटी’च्या शिपायासाठी दहावी उत्तीर्ण एवढीच किमान अट असते. पंधरा वर्षांहून अधिक सेवा करून, निवृत्तिवेतनाचा हक्क मिळवून तो पस्तीस ते चाळीस या वयात बाहेर पडतो. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे साठ हजार जण असे निवृत्त होतात आणि त्यातील बहुसंख्य ३५ ते ४५ या वयोगटातले असतात. घरी शाळकरी मुले, वृद्ध आईवडील, घराचे अर्धवट बांधकाम आणि हाती निम्म्याहून कमी झालेले उत्पन्न, अशी त्याची स्थिती असते.

या टप्प्यावर त्याने शिक्षक व्हायचे ठरवले, तर काय करावे लागेल? पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची अध्यापन पदविका हवी. दहावीवर भरती झालेला असेल, तर आधी बारावी. वरच्या वर्गांसाठी पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. लागते. पंधरा वर्षे सेवा केलेल्या मॅट्रिक उत्तीर्ण सैनिकाला गट-क मधील काही पदांसाठी पदवीधराच्या समकक्ष मानण्याची तरतूद आहे. त्या भरवशावर अनेक जण राहतात. मात्र ही सवलत जिथे विशिष्ट व्यावसायिक अर्हता लागत नाही अशा पदांपुरती आहे. बी.एड.च्या प्रवेशासाठी विद्यापीठाचीच पदवी लागते. हे बहुतेकांना निवृत्तीनंतरच कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

पदवी आणि बी.एड. मिळून पाच वर्षे जातात. छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झालेला जवान एकेचाळीस वर्षांचा होतो. पुढे शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आणि त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही अभियोग्यता चाचणी राज्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली, नंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांहून अधिक अंतर पडले. बावीस वर्षांचा तरुण कशीबशी वाट पाहू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या कुटुंबप्रमुखाला ते परवडत नाही. सुरक्षारक्षकाची नोकरी पुढच्या आठवड्यात मिळते आणि तो ती पत्करतो. यात त्याचा दोष काय?

निवृत्तीपूर्वी पुनर्वसनासाठी काहीच सोय नाही, असे नाही. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत सेवेच्या अखेरच्या दोन वर्षांत विविध अभ्यासक्रम चालवले जातात. अधिकाऱ्यांसाठी नामांकित व्यवस्थापन संस्थांतील २४ आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. जवानांसाठी व्यवसाय प्रशिक्षणाचे छोटे अभ्यासक्रम असतात. परंतु दोन वर्षांची अध्यापन पदविका या चौकटीत बसत नाही. परिणामी, ज्याला शिकवण्याची खरोखर आवड आहे त्यालाही सुरुवात शून्यापासून करावी लागते.

पात्रता शिथिल करावी काय?

मग सैनिकांसाठी या अटीच सैल का करू नयेत, असा भाबडा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये नेमके तेच केले. किमान ४८ महिने लष्करी सेवा आणि महाविद्यालयीन शिक्षणाचा काही भाग पूर्ण असलेल्या निवृत्तांना, पदवी नसतानाही, पाच वर्षांचा तात्पुरता परवाना देण्याची तरतूद झाली. शिक्षक संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली.

आपल्याकडे तर तो मार्ग कायद्यानेच बंद आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये किमान अर्हता निश्चित केल्या आणि टीईटी अनिवार्य झाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी बी.एड.धारक प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरत नाहीत, असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यासाठी पदविकाच हवी, हा त्यामागचा विचार. १ सप्टेंबर २०२५ रोजी याच न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही टीईटीचे बंधन घातले. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक कालावधी शिल्लक आहे, त्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. वर्षानुवर्षे शिकवत असलेल्या गुरुजींना जिथे सूट नाही, तिथे नवागताला ती मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आणि ते योग्यच आहे. सैनिकाच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिलीतल्या मुलाचे वाचन त्यासाठी पणाला लावता येणार नाही. उंबरठा आहे तिथेच ठेवून तो ओलांडण्यासाठी हात देणे, हाच खरा उपाय आहे.

परदेशातील धडा

असा हात देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. शीतयुद्ध संपल्यावर तेथील लष्कराची संख्या घटवण्यात आली आणि हजारो प्रशिक्षित माणसे मोकळी झाली. १९९४ मध्ये ‘ट्रूप्स टू टीचर्स’ ही योजना सुरू झाली. तिचे सूत्र साधे होते. सैनिकाने राज्याची शिक्षकपात्रता पूर्ण करायचीच. मात्र त्यासाठी सल्ला आणि आर्थिक साहाय्य शासनाने द्यायचे आणि त्या बदल्यात त्याने गरजू वस्तीतील शाळेत तीन वर्षे शिकवायचे. या मार्गाने एक लाखाहून अधिक जण शिक्षकी पेशात आले, असे सांगितले जाते. त्यात पुरुषांचे, अल्पसंख्याक समाजातील व्यक्तींचे आणि गणित, विज्ञान व विशेष शिक्षण या विषयांत शिकवणाऱ्यांचे प्रमाण एकूण शिक्षकांच्या तुलनेत जास्त होते. मधल्या काळात योजनेचा निधी थांबला. २०२१ च्या अखेरीस कायद्याने तिला पुन्हा जीवदान मिळाले.

ब्रिटनने हीच कल्पना २०१० मध्ये मोठ्या गाजावाजाने उचलली. शाळांतील बेशिस्तीवर सैनिक हा उतारा आहे, असा प्रचाराचा सूर होता. प्रत्यक्ष पहिली तुकडी २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि तीत चाळीसच्या आसपासच प्रशिक्षणार्थी होते. अखेर २०१८ मध्ये शासनाने पवित्रा बदलला. गणित, विज्ञान यांसारख्या विषयांत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या निवृत्तांना पदवीच्या काळात ४० हजार पौंडांची शिष्यवृत्ती देण्याची योजना आली.

दोन्ही देशांच्या अनुभवातून एकच गोष्ट निष्पन्न होते. शिस्तीच्या घोषणेने सैनिक शाळेत येत नाही. शिक्षणाच्या काळात घर कसे चालणार, याचे उत्तर मिळाले की येतो.

कवायत म्हणजे शिस्त नव्हे

माजी सैनिक शाळेत हवा, असे म्हणताना बहुतेकांच्या मनात असते ते करड्या शिस्तीचे चित्र. या चित्रामुळेच काही पालक आणि शिक्षणतज्ज्ञ साशंक आहेत. पहिलीतले मूल म्हणजे रंगरूट नव्हे, ही त्यांची हरकत रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मज्जाव करते. लष्करी छावणीत चालणारा आवाज वर्गात चालत नाही. शिवाय लष्करात शिकणारा स्वेच्छेने आलेला प्रौढ असतो. शाळेतले मूल भुकेले, आजारी किंवा ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्‌महिने गैरहजर राहिलेलेही असू शकते. ते समजून घेण्यासाठीच बालमानसशास्त्राचे प्रशिक्षण असते आणि म्हणूनच ते टाळता येत नाही.

मात्र सैनिकाकडे द्यायला कवायतीपलीकडेही बरेच आहे, हे या चर्चेत हरवते. सिग्नल कोअरमधला हवालदार वीज आणि लहरी पुस्तकाबाहेर जाऊन समजावू शकतो. अभियंता दलातल्याने पूल उभारताना भूमिती हाताने वापरलेली असते. वैद्यकीय दलातल्याला प्रथमोपचार आणि आरोग्यशास्त्र पाठ असते. लडाख, ईशान्य भारत, अंदमान पाहिलेल्या माणसाला भूगोलाचा धडा रंगवण्यासाठी नकाशाची काठी पुरते. पंजाबी, तमिळ, नागा, गोरखा अशा सहकाऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवलेला माणूस राष्ट्रीय एकात्मतेवर वेगळे भाषण देण्याची गरज उरू देत नाही. लष्कराचे स्वतंत्र शिक्षण दल आहे आणि त्यात पदवीधर प्रशिक्षक असतात, ही बाबही फारशी कोणाला ठाऊक नसते.

आणखी एक मुद्दा या जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. शिक्षकांनी मुख्यालयी राहावे की नाही, यावरून २०२२ मध्ये गंगापूर-खुलताबादचे आमदार प्रशांत बंब आणि शिक्षक संघटना यांच्यात उडालेला खटका वाचकांच्या स्मरणात असेल. गावात राहण्याजोगी घरे नाहीत आणि अशैक्षणिक कामांचा बोजा वेगळाच, हे शिक्षकांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. आपल्याच गावी परतून तिथे घर बांधलेला माजी सैनिक जवळच्या शाळेत शिक्षक झाला, तर हा वाद त्या शाळेपुरता तरी आपोआप मिटतो.

बेरोजगारांच्या तोंडचा घास?

या कल्पनेला सर्वांत तीव्र विरोध होऊ शकतो तो पात्रता मिळवूनही वर्षानुवर्षे ताटकळलेल्या तरुणांकडून. डी.एड., बी.एड. होऊन, टीईटी उत्तीर्ण करून शेतमजुरी किंवा खासगी शिकवण्यांवर दिवस काढणाऱ्या तरुणांची संख्या मराठवाड्यात कमी नाही. निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपयांवर पुन्हा घेण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला, तेव्हा या तरुणांचा संताप उफाळून आला होता. निवृत्तिवेतन असणाऱ्याला दुसरे ताट आणि आम्हाला पहिलेही नाही, हा त्यांचा सवाल झोंबणारा आहे.

त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. माजी सैनिकांना मानधनावर, मागच्या दाराने शाळेत आणले, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. मात्र १५ टक्के जागा आधीच राखीव आहेत. त्या भरल्याने इतरांच्या वाट्याची नवी जागा कमी होत नाही. उलट त्या वेळेत भरल्या गेल्या किंवा उमेदवार नसल्याचे वेळेत स्पष्ट होऊन नियमानुसार इतरांकडे वळल्या, तर दोघांचेही भले होते. आज दोन्हीपैकी काहीच वेळेत होत नाही.

संभाजीनगरला काय करता येईल?

या शहराचे लष्कराशी नाते जुने आहे. छावणी हा शहराच्या इतिहासाचा भाग आहे. राज्यातील मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून याच शहरात आहे. छात्रसेनेचे गट मुख्यालय आणि लष्कराचे भरती कार्यालय इथे आहे. विद्यापीठ आहे, शिक्षणशास्त्र महाविद्यालये आहेत आणि अध्यापक विद्यालयांत तर विद्यार्थ्यांअभावी जागा रिकाम्या राहतात.

माजी सैनिकांना एकत्रितपणे नव्या कामाला लावण्याचा यशस्वी नमुनाही डोळ्यांसमोर आहे. मराठवाड्यातील उजाड माळरानांवर झाडे लावण्यासाठी प्रादेशिक सेनेची १३६ वी इको बटालियन याच शहरात उभी राहिली. महार रेजिमेंटशी संलग्न असलेल्या या तुकडीत माजी सैनिकच काम करतात. ती टिकली, याचे कारण माणसांना नेमके काम, नियमित वेतन आणि जबाबदारीची उतरंड मिळाली. ‘मदत घेऊ’ एवढ्या आश्वासनावर ती उभी राहिली नसती.

याच धर्तीवर काही गोष्टी तातडीने करता येतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंदणी असतेच. त्यात शैक्षणिक अर्हतेचा स्वतंत्र रकाना करून पदवीधर किती, पदविका-बी.एड.धारक किती, टीईटी उत्तीर्ण किती, याची यादी शिक्षण विभागाला दिली, तर पुढच्या भरतीत किती जागा खरोखर भरतील हे आधीच कळेल. अध्यापक विद्यालयांतील रिकाम्या जागा शुल्कमाफीसह त्यांना उपलब्ध करून देता येतील. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत विद्यावेतन द्यावे आणि त्या बदल्यात सोयगाव, कन्नडसारख्या तालुक्यांतील दुर्गम शाळांत तीन वर्षे काम करण्याची हमी घ्यावी. निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याचा सल्ला रेजिमेंटपर्यंत पोहोचवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टीईटी व अभियोग्यता चाचणीचे वेळापत्रक दरवर्षी ठरलेल्या महिन्यात यावे. या शेवटच्या सुधारणेचा लाभ तर सर्वच उमेदवारांना होईल.

छात्रसेनेच्या विस्ताराचाही यात उपयोग आहे. २०२४ मध्ये केंद्राने छात्रसेनेत तीन लाख कॅडेटच्या वाढीला मंजुरी देताना माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचे ठरवले. ज्यांना पूर्णवेळ शिक्षक व्हायचे नाही, केवळ मैदानावरचे काम आवडते, त्यांच्यासाठी हा सन्मानाचा मार्ग आहे. वर्ग आणि मैदान या दोन वाटा स्वतंत्र ठेवल्या, तर घोळ होणार नाही.

अग्निवीरांची पहिली तुकडी

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अग्निपथ योजनेत आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेतील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण त्या वर्षअखेरीस सुरू झाले. त्यांची चार वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपते आणि योजनेच्या मूळ अटींनुसार त्यातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच तरुण कायम सेवेत राहतात. उरलेले सुमारे पावणेबारा लाखांचा ‘सेवानिधी’ घेऊन एकवीस ते सत्तावीस या वयात घरी परततात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि मूळ अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर उल्लेखलेले १५ टक्के आरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही.

पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि ती जुन्या सैनिकाकडे नव्हती. ती म्हणजे वय. दहावी उत्तीर्ण अग्निवीराला सेवेत असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बारावी आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाकडून सेवाकाळातील प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक देणारी पदवी मिळवण्याची सोय आहे. चोविसाव्या वर्षी पदविका किंवा बी.एड.ला बसणे अगदी स्वाभाविक आहे. यांतील काही तरुणांना शिक्षकी पेशाकडे वळवायचे असेल, तर त्यांच्या पदवीला बी.एड.साठी कोणत्या विषयांची मान्यता राहील, हे त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वीच स्पष्ट व्हायला हवे. देशभरातील लाखो अप्रशिक्षित शिक्षकांनी मुक्त विद्यालयातून अठरा महिन्यांची पदविका घेतली आणि नंतर तिच्या समकक्षतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तीच चूक तरुण सैनिकांच्या बाबतीत होऊ नये.

शासनाच्या घोषणेत माजी सैनिक हा मुलांसमोर उभा करावयाचा आदर्श आहे. आदर्श १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला उपयोगी पडतो. उरलेले दिवस शाळेला लागतो तो फळ्यासमोर उभा राहणारा, अपूर्णांक न समजलेल्या मुलाला चौथ्यांदा समजावणारा गुरुजी. उस्तादामध्ये तो गुरुजी दडलेला आहे. त्याला बँकेच्या दारातून वर्गाच्या दारापर्यंत आणायचे, तर हार-तुऱ्यांपेक्षा एका ठोस वेळापत्रकाची आणि दोन वर्षांच्या विद्यावेतनाची गरज अधिक आहे.

चौकट

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या माजी सैनिकासाठी

* पहिली ते पाचवी : बारावी, दोन वर्षांची अध्यापन पदविका (डी.एल.एड.) आणि टीईटीचा पहिला पेपर.

* सहावी ते आठवी : पदवीसह अध्यापन पदविका किंवा बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर.

* बी.एड.च्या आधारे पहिली ते पाचवीसाठी नियुक्ती मिळत नाही (सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट २०२३).

* टीईटीनंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. निवड ‘पवित्र’ पोर्टलमार्फत होते.

* गट-क पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण; वयोमर्यादेत सवलत.

* पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारी पदवी-समकक्षता बी.एड. प्रवेशासाठी उपयोगी पडत नाही. सेवेत असतानाच मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पूर्ण करणे हिताचे.